बदली

रविवारी सकाळी साडेनऊचा खेळ,
सदरच्या टॉकीजात, जुने इंग्रजी सिनेमे.
पडद्याला डावीकडे एक टाका घातलेला,
त्यामुळे प्रत्येक नायिकेच्या गालावर
कधी ना कधी व्रण यायचाच.

माझे वडील, यादव हेडाऊ, डोअरकीपर.
तिकीट फाडायचे, अर्धं परत द्यायचे,
बॅटरीचा उजेड बायांच्या पावलांपुढे
पाट मांडावा तसा ठेवायचे.
मग दाराच्या जाड हिरव्या पडद्यात
अर्धे आत, अर्धे बाहेर उभे.
मी पायरीवर, त्यांच्या गुडघ्याशी.

इंग्रजी येत नव्हती त्यांना.
नायक-नायिकेशी देणंघेणंही नव्हतं.
'थे दोघं त लग्न करनारच हायेत,' म्हणायचे,
'त्यायले काय पाहाचं?
तू त्या लिफ्टवाल्याले पाह्य.'

लिफ्टवाला. टक्कल, ओठ मुडपलेले.
अख्ख्या सिनेमात दोनदा दिसायचा,
एकदा मजला विचारायचा, एकदा विचारायचा नाही,
आणि त्या न विचारण्यावरून कळायचं
की वरचं भांडण याला माहीत आहे.

पुढच्या रविवारी तोच माणूस पोस्टाच्या खिडकीत.
त्याच्या पुढच्या, कोर्टात, दौतीत टाक बुडवताना.
बाबा मला कोपरानं ढोसायचे:
'बदली झाली वाटते याची.'

राजधानी गेली त्या वर्षी
सचिवालयातले कारकून ट्रंका बांधून मुंबईला गेले.
तिघांना स्टेशनवर हात केला होता बाबांनी.
तेव्हापासून माणूस दिसेनासा झाला
की त्यांच्याकडे हा एकच शब्द.
त्यांच्या हिशेबी समुद्रापलीकडे
एक भलं मोठं खातं होतं,
आणि हे सगळे तिथे नोकरीला:
दार उघडायच्या आधीच नाही म्हणणारी जाडी मोलकरीण,
पैसे मोजताना एक डोळा मिटणारा सावकार,
आणि तो उंच बटलर,
मालकाचं दिवाळं निघालं तरी
ज्याच्या हातातली कपबशी वाजत नाही.
बढती कोणालाच नाही.
नुसता गणवेश बदलतो.

शेवटी नावं यायची, पळत.
लोबो गार्ड, रेल्वेतून निवृत्त, कायम कडेच्या खुर्चीत,
ती ओठातल्या ओठात वाचून दाखवायचे.
मी एकदा विचारलं, लिफ्टवाला?
त्यांनी चष्मा काढला, पुसला.
'नाही लिहिलं,' म्हणाले.
बाबांनी दार उघडलं.
मे महिन्याचं ऊन एकदम आत पडलं,
डांबराच्या वासासकट.

बाबांचं नाव मस्टरवर अकराव्या वर्षी लागलं.
तेही चुकीचं. हेडावू.
त्यांनी ते तसंच राहू दिलं,
सही मात्र स्वतःची करत राहिले.

टॉकीज पाडलं. आता तिथे गाड्या लावतात,
पावती फाडणारा पोरगा अर्धी परत देत नाही.
बाबा मेडिकलमध्ये गेले, मंगळवारी, पहाटे.
त्यांचा चष्मा आणि डबा घेऊन मी खाली निघाले.
लिफ्टवाल्यानं मजला विचारला नाही.

काल रात्री झोप येईना.
कूलर घरघरत होता, मुलाचा मोबाइल हातात,
सापडला एक काळापांढरा, नाव न ऐकलेला.
कोपऱ्यावर फळांची हातगाडी,
गाडीमागे टोपी, टोपीखाली मुडपलेले ओठ.
समोर रचलेली फळं.
संत्री असावीत. काळ्यापांढऱ्यात काय कळतं.

'आला का बापा,' मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं,
'भेटली का नागपूरची पोस्टिंग?'
मुलगा कूस बदलून झोपला.

नायक एक फळ उचलतो, सुटे न घेताच जातो.
हा सुटे हातात धरून
त्याच्या पाठीकडे पाहत राहतो,
जरा जास्तच वेळ,
सांगितलं असेल त्याहून नक्कीच जास्त.
मग चित्र नायकामागे धावतं.

मी बोटानं मागे नेलं.
परत एकदा सुटे. परत ती टोपी.
पुढचा सिनेमा तसाच राहिला.
थे दोघं त लग्न करनारच होते.